उज्ज्वला बिछायत केंद्र, नादार

मी सतराव्या वर्षी नादार झाले. ही थाप नाही. यवतमाळच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, भर दुपारी, वकील, पक्षकार आणि शेंगदाणे विकणाऱ्या बाईच्या देखत शिपायानं खणखणीत आवाजात पुकारलं, "उज्ज्वला बिछायत केंद्र, बोरी अरब, हाजिर हो!" आणि शाळेत हजेरीला उभं राहावं तशी मी ताडकन उभी राहिले, कारण उज्ज्वला मीच. बाबांनी दुकान काढलं त्याच साली मी झाले, म्हणून पाटीवर माझं नाव लागलं. मोठं, पिवळ्या अक्षरांत, दोन्ही बाजूंना एकेक कमळ काढलेलं. शिपायानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू कोन वं?" म्हणाला. मी म्हटलं, "उज्ज्वला." तो म्हणाला, "आन केंद्र कुठी हाये?" मी बाबांकडे बोट दाखवलं. सगळा व्हरांडा हसला. शेंगदाण्याची बाई तर पदर तोंडाला लावून हसली. बाबा हसले नाहीत. ते धोतराचा सोगा सावरत आत गेले, आणि त्यांच्या मागून जाताना मला दिसलं की त्यांनी पायातल्या चपला देवळाबाहेर काढाव्या तशा कोर्टाच्या दाराशी काढून ठेवल्या आहेत.

हा किस्सा मी आजही स्टेजवरून सांगते. लग्नात, सत्काराला, कुणाच्या साठीला माइक हातात धरून चार हशे मिळवणं हाच आता माझा धंदा आहे, आणि नादारीचा किस्सा कधी वाया जात नाही. पण मी तो चपलांपर्यंत सांगत नाही. बाईच्या पदरापाशी थांबते आणि नवरदेवाला पुढे बोलावते. पुढचं इथे लिहिते आहे, कारण कागद हसत नाही आणि घड्याळाकडेही बघत नाही.

बिछायत केंद्र म्हणजे मांडव, सतरंज्या, खुर्च्या, स्वयंपाकाचे मोठे गंज, कढया आणि भोंगा भाड्यानं देणारं दुकान. बोरी अरबच्या बाजारगल्लीत आमचं पुढे दुकान आणि मागे घर होतं, पण ही सीमा कोणी पाळत नसे. माझा अभ्यास दुमडलेल्या कनातीवर व्हायचा. धाकटा भाऊ पाळण्यात नव्हे तर मोठ्या कढईत झोपायचा, आणि ती कढई भाड्यानं गेली की रडायचा. लोखंडी घडीच्या खुर्च्यांचा खाटखाट आवाज हे माझं पहिलं संगीत. त्याच्यावर मायचा आवाज, कारण ती दर चार दिवसांनी सतरंज्या दोरीवर टाकून बांबूनं झोडपायची आणि झोडपताना ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव घ्यायची. बाबा माल टेम्पोत चढवायच्या आधी भोंगा तपासायचे. "हॅलो, हॅलो, एक, दोन" एवढंच बोलायचे. दोनच्या पुढे बोलायला ते लाजत. म्हणून तपासायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं आणि मी गल्लीला बातम्या देऊ लागले. शेजारच्या काकूंकडे आज पाहुणे, मास्तरांच्या घरी पुन्हा दोडक्याची भाजी. माय बांबू घेऊन धावायची.

लग्नसराईत आमची चूल कमी पेटे. जिथे मांडव तिथून डबा येई. वांगे-आलूची लाल तर्रीची भाजी, वरण, मठ्ठा आणि कागदात बांधलेली बुंदी. ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी हे आमचं घरचं खाणं. पण मी लहानपणी कोणी विचारलं की सांगायची, आमच्याकडे रोज बुंदी असते. बुंदी वाळून खडा झाली तरी माय टाकत नसे. ती दुधात भिजवून देई आणि म्हणे, "खा, कोनाच्या तरी पोरीचं चांगलं झालं त्याचं आहे."

आणि मग मागची खोली. तिथे वेगळ्या सतरंज्यांचा गठ्ठा असे. प्रत्येकीच्या कोपऱ्याला मायनं निळ्या सुताचा टाका घातलेला. त्या मयतीच्या. लग्नाचा माल मयतीला जात नाही आणि मयतीचा लग्नाला येत नाही, हे सगळीकडेच आहे. आमच्याकडे आणखी एक होतं, की मयतीच्या मालाचं भाडं नाही. हे बाबांनी ठरवलं नव्हतं, त्यांच्या बापाच्या वेळपासून, म्हणजे मालकीच्या चार सतरंज्या होत्या तेव्हापासून चालत आलेलं. ज्याच्या घरी मरण झालं तो माणूस येई, पण दुकानाची पायरी चढत नसे. रस्त्यावर टोपी हातात घेऊन उभा राही. बाबा त्याला काय झालं विचारत नसत. खाली उतरत आणि एवढंच विचारत, "किती लोक येतीन?" मग स्वतः गठ्ठा खांद्यावर घेऊन त्याच्यासोबत चालत जात आणि अंगणात अंथरून देत. तेरवी झाली की सतरंज्या धुऊन, वाळवून परत येत. आणणारा पायरीवर ठेवी आणि न बोलता वळे. आभार नाही, "येतो" नाही. अशा कामात "येतो" म्हणत नाहीत.

मला लहानपणी हे बाबांचं सगळ्यात मोठं नाटक वाटायचं. एरवी भाड्यावरून तास तास घासाघीस करणारा, फुटलेल्या एका काचेच्या ग्लासासाठी नवरीच्या मामाशी भांडणारा माणूस, रस्त्यावर टोपी निघाली की एकदम दुसराच कोणी होई.

तर अशा माणसाचं दिवाळं एका हौशी मेव्हण्यानं काढलं. त्या वर्षी यवतमाळला लग्नाचे लॉन निघाले होते, दारव्ह्याला मोठं दुकान आलं होतं, आणि मागे पडू नये म्हणून बाबांनी नवा मांडव केला. गुलाबी झालर, आतून चमकीचं कापड, प्लास्टिकच्या नव्या खुर्च्या. कापड यवतमाळच्या गुलाबसेठकडून उधारीवर, खुर्च्या पतसंस्थेच्या कर्जावर. मांडवाचं ते तिसरंच लग्न. बारात दारात आली, नवरदेवाचा मेव्हणा नाचता नाचता रॉकेट हातात धरून पेटवू लागला, आणि ते आकाशात जायच्या ऐवजी थेट आमच्या चमकीत शिरलं. मी पाहिलं आहे. इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सगळा मांडव आतून उजळला, जणू त्यासाठीच शिवला होता. कोणाला काही झालं नाही, देवाची कृपा. बाबांनी नवरीला शेजारच्या अंगणात नेलं, तिथे उरलेल्या कनाती बांधल्या, लग्न लावून दिलं, आणि उष्ट्या पत्रावळी उचलेपर्यंत थांबले. मग जळलेल्या खुर्च्यांच्या ढिगाशी येऊन बसले. खुर्च्या एकमेकींत वितळून एकच मोठी, वेडीवाकडी, पांढरी वस्तू झाली होती. "याच्यावर आता सगळे एकदमच बसू शकतात," मी म्हटलं. मला वाटलं ते हसतील.

मग सुरू झालं ते दारात येऊन बसणं. गुलाबसेठचा मुनीम, पतसंस्थेचा माणूस, डिझेलवाला. माय आतून विचारी, "कोन हाये?" आणि मी भोंग्यावरच्या आवाजात सांगे. हळूहळू सांगणं बंद केलं. बुंदीचे डबे बंद झाले होते. चूल रोज पेटू लागली आणि तिच्यावर शिजवायला रोज थोडं कमी असे.

बाबांना कोर्टाचा रस्ता मुळे वकिलांनी दाखवला. मुळे वकील म्हणजे मायच्या माहेरकडचे, यवतमाळला प्रॅक्टिस, आवाज कीर्तनकाराचा आणि कोटाची एक बाही नेहमी वर. आमच्याच खुर्चीवर बसून त्यांनी समजावलं. "उत्तमराव, कायद्यात दोन दरवाजे आहेत. एक, नादार म्हणून जाहीर व्हायचं. जे आहे ते कोर्टानं नेमलेला रिसीव्हर विकतो, येईल ते सगळ्या देणेकऱ्यांत वाटतो, आपण हात झटकून मोकळे. पण धंदा संपला. दुसरा दरवाजा तडजोडीचा. तुम्ही योजना मांडायची, की मला धंदा करू द्या, मी हप्त्यानं फेडतो. ज्यांचं देणं आहे त्यांतल्या अर्ध्याहून जास्त लोकांनी हो म्हटलं, आणि हो म्हणणाऱ्यांची रक्कम रुपयात बारा आणे भरली, तर कोर्ट त्यावर शिक्का मारतं. मग तुमच्या दारातली एक खुर्ची कोणी उचलू शकत नाही."

"पन नादार तं म्हनतीनच," माय आतून म्हणाली.

"ताई, काही दिवस म्हणतील."

"काही दिवसात इथी कोनी काही इसरत नाही, भाऊ."

बाबांनी फक्त एक विचारलं. "दुकान राहीन न?"

"राहील," मुळे वकील म्हणाले.

माझा भाचा नागपूरला मोठ्या कंपन्यांच्या दिवाळखोरीचं काम बघतो. तो सांगतो, आत्या, आता नवा कायदा आहे, मुदती आहेत, वेगळी न्यायाधिकरणं आहेत, कंपनी वाचवायची शास्त्रशुद्ध पद्धत आहे. मी विचारलं, आणि बिछायतवाल्यासाठी? तो म्हणाला, कंपनी नसेल, एकट्या माणसाचं दुकान असेल, तर अजून तो जुना, इंग्रजांचाच. मला बरं वाटलं. निदान ज्यानं बाबांना बुडवलं तो कायदा म्हातारा का होईना, अजून जिवंत आहे. भेटला तर त्याला दोन शब्द बोलता येतील.

देणेकऱ्यांची सभा आमच्याच दुकानात झाली. कागदावर तिचं नाव होतं धनकोंची सभा, पण यवतमाळहून रिसीव्हर साहेबांनी विचार केला असणार की इतक्या लोकांना बसायला खुर्च्या बोरी अरबमध्ये आणखी कुठे मिळणार. रिसीव्हर म्हणजे तरुण वकील, गोरागोमटा, स्कूटरवरून यायचा आणि आधी सीट पुसायचा. सगळे येऊन आमच्या खुर्च्यांवर बसले. प्रत्येकजण बसण्याआधी खुर्ची हलवून बघत होता. मी चहा देत होते आणि मनात म्हणत होते, घ्या बघून, अर्धी तुमचीच आहे. गुलाबसेठ सगळ्यांत शेवटी आले. अंगानं मोठे, बोलायला गोड, आणि रुपयात बारा आणे म्हणजे जवळजवळ तेच एकटे. ते बसले तशी खुर्ची कळवळली.

"देखो उत्तमभाऊ," ते म्हणाले, "मले तुमचं वाईट नाही पाह्याचं. दुकान बंद झालं तं मले काय भेटन? चिंध्या. दुकान चाललं तं हप्ता भेटन. मी हो म्हनतो. पन एक शर्त आहे."

"बोला सेठ."

"मागच्या खोलीत गठ्ठे हायेत. त्याईचं भाडं कोन देते?"

बाबा म्हणाले, "थे मयतीचं आहे सेठ. त्याचं भाडं नसते."

"कपडा आहे न? दुकानातून जाते न? त्याच्या मागं तुमचा माणूस जाते, दिवस जाते. मंग भाडं काहून नसते? माझा पैसा अडकून पडला आन तुमी धरम करून राह्यले. करा न धरम. आपल्या पैशानं करा."

पतसंस्थेच्या मॅनेजरांनी चहाच्या कपात पाहिलं. रिसीव्हर साहेब म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. तोट्याचा भाग बंद केल्याशिवाय योजना टिकणार कशी?" आणि त्यांनी सुंदर अक्षरात एक ओळ वाढवली, की कोणतीही वस्तू भाडं घेतल्याशिवाय दुकानाबाहेर जाणार नाही. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. इतकी वर्षं झाली, मी पुष्कळ शोधलं, पण गुलाबसेठच्या बोलण्यात मला चूक सापडत नाही. ते वाईट असते तर मला किती सोपं झालं असतं! स्टेजवरच्या दुसऱ्या किस्स्यांत मी त्यांना मिशा लावते. खरं म्हणजे त्यांना मिशा नव्हत्या, आणि जाताना त्यांनी माझ्या भावाच्या हातात चॉकलेट ठेवलं.

बाबांनी सही केली. सगळे गेल्यावर माय बाहेर आली.

"मयतीचं भाडं घेसान तुमी?"

"कोर्टात लिहून देल्लं."

"कोर्ट का मयतीले येते? कोनाच्या अंगनात बसन थे?"

"सही केली न म्या," बाबा म्हणाले. जणू सही ही दुसऱ्या कोणाची तरी वस्तू होती आणि त्यांच्याकडे जपायला ठेवली होती.

पहिलं मरण गणपत वाढईच्या आईचं झालं. गणपतकाका आमच्याच गल्लीच्या टोकाला राहत, आमच्या मांडवाच्या सगळ्या लाकडी बल्ल्या त्यांनीच तासलेल्या. त्यांच्या आईच्या हातचं आंब्याचं लोणचं दरवर्षी आमच्याकडे यायचं, तेलात बुडालेलं, आणि बरणी परत पाठवताना रिकामी पाठवायची नाही म्हणून माय त्यात बुंदी भरायची. सकाळी ते रस्त्यावर येऊन उभे राहिले. टोपी हातात. बाबा खाली उतरले. मी दारात होते.

"किती लोक येतीन?" बाबांनी विचारलं.

"दारव्ह्याचे हायेत, कळंबची बहीन हाये. अंगनभर होतीन."

नेहमी यानंतर बाबा वळत आणि मागच्या खोलीत जात. ते वळले नाहीत. रस्त्यावर कोणी नव्हतं. रिसीव्हर यवतमाळला होता, गुलाबसेठ त्यांच्या गादीवर होते, कोर्टाला सुट्टी होती. जगात कोणी पाहत नव्हतं.

"गणपतभाऊ," बाबा म्हणाले, "भाडं लागन."

गणपतकाकांचा हात आपोआप कमरेला गेला, पण ते बनियनवर आले होते. मयतीच्या घरचा माणूस पैसे घेऊन निघत नाही. "पाठवून देतो भाऊ," ते म्हणाले, टोपी डोक्यावर घातली आणि गेले. त्यांनी टोपी घातली हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला कळलं की काहीतरी मोडलं आहे. थोड्या वेळानं त्यांचा पुतण्या आला. तो पायरी चढून वर आला, दुकानात येतात तसा. पैसे ठेवले आणि म्हणाला, "काकानं पावती मांगतली."

बाबांनी पावतीपुस्तक काढलं. आमच्या पावतीवर छापलेलंच होतं, "शुभकार्याचा प्रकार", आणि पुढे रेघ. बाबा पेन धरून त्या रेघेशी बसून राहिले. पुतण्या उभा. मग त्यांनी "शुभ" या अक्षरांवर काट मारली, आणि काट मारताना पेन इतकं दाबलं की खालच्या कोऱ्या पावतीवरही ती उमटली. सतरंज्या पुतण्यानेच नेल्या. बाबा अंथरायला गेले नाहीत. तेरवीनंतर त्या परत आल्या, पण न धुता. भाडं दिलं होतं. धुण्याचं काम आता आमचं होतं. मायनं त्या दोरीवर टाकून झोडपल्या आणि कोणाचंही नाव घेतलं नाही.

पुढच्या मरणाला मी अक्कल लढवली. म्हटलं, बाबा, तुम्ही त्यांच्याकडून घेऊ नका, आपल्या घरातून भाडं भरा. मायनं लोकांचे ब्लाउज शिवून साठवलेले पैसे काढले. मी पावती फाडली. वाटलं, सगळं किती सोपं होतं! महिन्याअखेर रिसीव्हर साहेब आले, पावतीवर आमचंच नाव बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "उत्तमराव, योजना संपेपर्यंत तुमच्या घरातला पैसासुद्धा धनकोंचाच आहे. एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकून भाडं होत नाही." ते मास्तर शिकवतात तसं म्हणाले, रागावले नाहीत. गुलाबसेठनं म्हटलं होतं, धरम आपल्या पैशानं करा. आता आपला पैसा म्हणून काही उरलंच नव्हतं.

तिसऱ्या मरणाला कोणी आलं नाही. आम्हाला कळलं ते बाजारात. त्या घरी लोक ताडपत्रीवर आणि युरियाच्या पोत्यांवर बसले होते. बाबा ते ऐकून घरी आले आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

मग सराई आली. गणपतकाकांच्या थोरलीचं लग्न ठरलं होतं आणि तो मांडव आमचा हे आम्ही धरूनच चाललो होतो. मायनं मांडवाच्या छताची चांदणी उन्हात टाकली, मी भोंगा पुसला. मांडव दारव्ह्याहून आला. पत्रिका मात्र आमच्याकडे आली, हळदी-कुंकू लावून, सहकुटुंब सहपरिवार. आम्ही गेलो. बाबा आयुष्यात पहिल्यांदा लग्नात पाहुणे म्हणून बसले, दुसऱ्याच्या खुर्चीवर. त्यांना बसताच येईना. खुर्चीच्या मागच्या पट्टीवर दुसऱ्याचं नाव होतं आणि त्यांचा हात सारखा तिथे जात होता. वांगे-आलूची भाजी होती, बुंदी होती. मी बुंदी खाल्ली आणि पहिल्यांदा वाटलं की ही दुसऱ्याच्या पोरीची आहे. पंगत उठली. लोक हात धुवायला गेले आणि बाबा उठून खुर्च्या घडी करू लागले. खाट, खाट, एकेक करून, भिंतीला रांग. सवयीनं. दारव्ह्याच्या दुकानाचा पोऱ्या धावत आला. "राहू द्या काका, आमी करतो न."

बाबांचे हात थांबले. घरी येताना ते बाजारगल्लीत एकाएकी उभे राहिले आणि म्हणाले, "उज्जू, लगनं त्या सतरंज्याईच्या मागून येत होते."

मला लगेच समजलं नाही. आज समजतं. ज्याच्या बापाच्या मयतीत आमची सतरंजी अंथरली, तो पोरीच्या लग्नाला आमचा मांडव सोडून कुठे जात नव्हता. कोणी तसं बोललं नव्हतं, बोलण्याची गोष्टच नव्हती. सगळं दुकान त्या निळ्या टाक्यावर उभं होतं, आणि सगळ्यांनी मिळून, कायद्यानं, बहुमतानं, तोट्याचा भाग म्हणून नेमका तोच उसवला होता. बाबांनाही ते माहीत नव्हतं. मालकाला माहीत नव्हतं तर रिसीव्हरला काय दोष द्यायचा!

हप्ता चुकला. मग आणखी एक. मुळे वकिलांनी दोन्ही बाह्या वर करून मुदत मागितली आणि कोर्टानं दिलीही. मुदत मिळाली, गिऱ्हाईक मिळालं नाही. योजना रद्द झाली त्या दिवशी शिपायानं पुन्हा पुकारलं, तेच नाव, तोच आवाज. मी बसून राहिले. त्यानं मला ओळखलं आणि या वेळी काही विचारलं नाही.

लिलाव आमच्या दारात झाला. खुर्च्या दारव्ह्याच्या दुकानवाल्यानं घेतल्या. गंज आणि कढया झरी जामणीकडच्या एका खानावळवाल्यानं. कढई टेम्पोत चढताना माझा भाऊ, आता चांगला मोठा, घराच्या मागे निघून गेला. भोंगा कोणीतरी भंगारच्या भावानं घेतला; मी म्हटलं, थांबा, आणि त्यात तोंड घालून म्हणाले, "हॅलो, हॅलो, एक, दोन." बाबांसारखीच मीही दोनवर थांबले. शेवटी रिसीव्हर साहेबांनी मागच्या खोलीतले गठ्ठे बाहेर आणवले. जाड, चांगल्या सतरंज्या होत्या. त्यांनी एक उलगडली. कोपऱ्यावरचा निळा टाका उन्हात चमकला आणि गर्दी एक पाऊल मागे सरकली.

"बोला," रिसीव्हर साहेब म्हणाले.

कोणी बोलेना. त्यांनी किंमत खाली आणली, आणखी खाली आणली. ते गुलाबसेठकडे वळले. "सेठ, तुमच्या हिशेबात लावून घ्या."

गुलाबसेठनं दोन्ही हात छातीशी घेतले. "नको नको साहेब. मयतीचा माल घरात नेत असतेत काय?"

"कापडच आहे ना?" रिसीव्हर साहेब म्हणाले. मला वाटतं त्यांनी हे मुद्दाम म्हटलं नाही. गुलाबसेठ खाली पाहू लागले. साहेबांनी कागदावर लिहिलं, विक्रीयोग्य किंमत नाही, आणि गठ्ठे बाबांना परत दिले.

तर आमच्याकडे तेवढंच उरलं. बाबा दारव्ह्याच्या त्याच दुकानात मांडव बांधायला जाऊ लागले, रोजीनं. आणि पुन्हा रस्त्यावर एक टोपी उतरली. आधी एक, मग दुसरी. लोकांना कळलं होतं. कोणी पैसे पुढे केले तर बाबा म्हणत, "कोर्टानं लिहून देल्लं न बाप्पा, याची किंमत नाही." हे ते विनोदानं म्हणत नसत. मरण आलं की त्यांच्या अंगात जीव येई. बाकीचे दिवस ते रिकाम्या दुकानात, जिथे खुर्च्यांच्या थप्पीचे गंजाचे चौकोन फरशीवर उमटले होते, त्या चौकोनांकडे पाहत बसत. खाली, फरशीवरच. माय म्हणे, "बाहेर तं बसा जरा." ते म्हणत, "इथी बरं हाये."

मी आज कुठल्याही हॉलमध्ये गेले की आधी खुर्च्यांच्या मागची नावं वाचते. आयोजकांना वाटतं, बाईंना पुढची जागा हवी आहे.

गणपतकाका आले तो दिवस बाजाराचा होता. त्यांच्या भावाच्या मयतीला आमच्या सतरंज्या जाऊन आल्या होत्या, धुऊन, घडी करून. ते रस्त्यावर थांबले नाहीत. टोपी डोक्यावर ठेवून पायरी चढले आणि आत आले. हातात पेढ्यांची पुडी.

"उत्तमभाऊ, धाकटीचं जमलं," ते म्हणाले. "मांडव तुमचाच. मागच्या खेपेले चुकलं माह्यं. आता सांगून ठेवतो, खुर्च्या, सतरंज्या, भोंगा, सगळं तुमचंच पाह्यजे."

बाबा उठले. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं ते हो म्हणतील. त्यांनी डावीकडे पाहिलं, जिथे खुर्च्या असत, मग उजवीकडे, जिथे कनाती असत. गणपतकाकांनाही दिसत असणारच, आंधळे नव्हते ते. पण ते बोलायला आले होते आणि बोलून मोकळे झाले होते.

"या, बसा," बाबा सवयीनं म्हणाले.

बसायला काही नव्हतं. अख्ख्या तालुक्याला बसवलेल्या त्या दुकानात एक खुर्ची नव्हती. मागच्या खोलीत सतरंज्या होत्या, पण लग्नाच्या बोलण्याला त्या कोण अंथरणार. मायनं आतून पाहिलं, चहा टाकला आणि दोन कप बाहेर पाठवले. गणपतकाकांनी पुडी सोडून एक पेढा बाबांच्या हातावर ठेवला. मग दोघांनी उभ्याउभ्याच चहा घेतला, हळूहळू, कप संपले तरी धरून, कारण संपले म्हणून खाली ठेवले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं.